पेन ड्राइव्हवरून विंडोज ७ (३२ बिट): कीबोर्ड मरतो, अहवाल अडकलाय

खिळेजुळारी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाचक जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तालुक्याच्या गावी माझा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी खिळे होते, आता ऑफसेट. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, दशक्रियेची कार्डं, आणि ऑगस्ट लागला की पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. वर्षाचा निम्मा धंदा त्या अहवालांवर. हे सगळं पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चालतं, २००८ साली घेतलेल्या एका मराठी फॉन्टच्या पॅकेजवर. त्या पॅकेजला यूएसबीत खोचायचा डोंगल आहे. डोंगल नाही तर अक्षर नाही.

गेल्या आठवड्यात वीज कडाडली आणि जुना पीसी गेला. हार्ड डिस्क वाचली, फाइली सुखरूप आहेत. घाईघाईनं एक रिफर्बिश्ड पीसी आणला. आय५, सहावी पिढी, ८ जीबी रॅम, आत ६४ बिट विंडोज १०, डीव्हीडी ड्राइव्ह नाही. त्यावर फॉन्टच्या पॅकेजचा सेटअप उघडतच नाही, ‘या पीसीवर चालणार नाही’ म्हणतो. डोंगलचा ड्रायव्हर तर दारातूनच परत.

माझ्याकडे २०१२ साली पावती करून घेतलेला विंडोज ७ प्रोफेशनलचा खोका आहे. आत दोन डीव्हीडी, ३२ आणि ६४ बिटच्या. पुतण्याच्या लॅपटॉपला बाहेरचा डीव्हीडी रायटर जोडून ३२ वालीची आयएसओ फाइल (अख्ख्या डीव्हीडीची एकाच फाइलीतली नक्कल) केली. पहिल्यांदा ती तशीच पेन ड्राइव्हवर कॉपी केली. काहीच झालं नाही (हसू नका). मग पुतण्यानं रूफस नावाच्या प्रोग्रॅमनं बूट होणारा पेन ड्राइव्ह करून दिला. तो बूट मेनूत दिसेना. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत) काहीबाही बदलल्यावर एकदाचा दिसला, ‘स्टार्टिंग विंडोज’ आलं, भाषा निवडायची खिडकी आली, आणि तिथे कीबोर्ड आणि माउस दोन्ही मेले. माउसचा लाल दिवासुद्धा विझला. बायोसमध्ये हेच दोघे ठणठणीत चालतात.

तीन पेन ड्राइव्ह बदलून पाहिले. ३० सप्टेंबरच्या आत संस्थांच्या सभा व्हायच्या असतात, त्याआधी अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवा. मार्ग सांगा.

कावळा_उवाच | सोमवार, रात्री ९:५८

पहिला प्रश्न, जो सगळ्यांच्या मनात आहे पण विचारणार मीच. अजून पेजमेकर? ७.० ही आवृत्ती २००१ सालची. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि दहाचासुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षरांत, या की राव.

खिळेजुळारी | सोमवार, रात्री १०:०६

यायचंय हो. पण अहवालात ८० पानं असतात आणि त्यातली ६० गेल्या वर्षीचीच, फक्त आकडे बदललेले. चौदा वर्षांचे असे तीसेक संस्थांचे अहवाल आहेत. ते सगळे याच आठवड्यात युनिकोडमध्ये आणू म्हणता?

उंबरठा | सोमवार, रात्री १०:२१

कावळेबुवा, डीटीपीचं काम करणाऱ्या बाईचं ऐका. जुन्या पॅकेजचा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रं. ‘क्ष’च्या घरात दुसरंच काही असतं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, रफार शेवटी. कन्व्हर्टर मिळतात, पण कोष्टकांत आणि जोडाक्षरांत घोळ होतोच, मग सगळं पुन्हा प्रूफाला. शिवाय युनिकोडची जोडाक्षरं पेजमेकरला जमत नाहीत, म्हणजे पानं इनडिझाइनमध्ये नव्यानं बांधायची. दिवाळीनंतर सुरू करण्याचं काम आहे ते, ऑगस्टात नाही.

खिळेजुळारी दादा, तुमच्या कीबोर्डचं उत्तर मला माहीत नाही. पण माझ्याकडेही असाच एक जुना पीसी शेवटच्या घटका मोजतोय, म्हणून इथे ठाण मांडून बसतेय.

सोल्डरगन | सोमवार, रात्री १०:४५

काहून घाबरता भाऊ, पेन ड्राइव्ह चांगले आहेत तुमचे. अशा केसेस माझ्या टेबलावर दर महिन्यात दोन-चार येतात.

गोष्ट अशी आहे. विंडोज ७ आलं ऑक्टोबर २००९ मध्ये. तेव्हा यूएसबी ३ नुकतंच जन्मत होतं, म्हणून त्याचा ड्रायव्हर सातच्या डीव्हीडीत नाही. पाचव्या पिढीपर्यंत हे खपून गेलं, कारण बोर्डावर यूएसबी २ चा जुना कंट्रोलर पण असायचा, ईएचसीआय म्हणतात त्याले. सहाव्या पिढीत, म्हणजे २०१५ मध्ये, तो काढून टाकला. आता सगळे पोर्ट एकाच यूएसबी ३ च्या कंट्रोलरवर. काळा पोर्ट असो की निळा, मागे कंट्रोलर तोच.

बायोसमध्ये कीबोर्ड काहून चालतो? कारण तिथे बायोस स्वतः त्याले चालवते. विंडोजचा सेटअप आला की बायोस हात काढून घेते आणि म्हणते, सांभाळ आता तू. सेटअपजवळ ड्रायव्हर नाही. खेळ खलास.

मागे गोल जांभळा किंवा हिरवा पीएस-टू पोर्ट आहे काय?

खिळेजुळारी | सोमवार, रात्री ११:०२

आहे! जुन्या पीसीचा गोल पिनवाला कीबोर्ड माळ्यावर पडलाय. उद्या सकाळी लावतो.

निवांत_नाना | मंगळवार, सकाळी ६:३०

लावा, पण पुढे काय होणार ते आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे हिरमोड होणार नाही. कीबोर्ड चालेल. भाषा निवडाल, ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबाल, आणि मग सेटअप म्हणेल की सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही. तुमच्याकडे डीव्हीडी नाहीच, मग हे काय मागतंय, असं म्हणून लोक तासन्‌तास चुकीचे ड्रायव्हर शोधत बसतात.

त्याला खरं म्हणायचं असतं की ज्या पेन ड्राइव्हवरून मी सुरू झालो तोच आता मला दिसत नाही. कारण तोही त्याच यूएसबी ३ च्या कंट्रोलरवर बसलाय. ज्या फांदीवर बसला तीच दिसेना.

मी निवृत्त माणूस, सोसायटीतल्या लोकांचे जुने संगणक जिवंत ठेवणं हा माझा सकाळचा व्यायाम. दुपारी सविस्तर लिहितो.

खिळेजुळारी | मंगळवार, सकाळी ११:१५

नाना, तुमच्या तोंडात साखर पडो, तंतोतंत तेच झालं. सीडी/डीव्हीडी ड्रायव्हर मागतोय.

आळशी_मांजर | मंगळवार, सकाळी ११:४०

एवढी खटपट कशाला? व्हेंटॉय नावाचा बूटचा प्रोग्रॅम टाका पेन ड्राइव्हवर, आयएसओ नुसती कॉपी करा, झालं. तुमची पहिली चूकच तिथे बरोबर पद्धत ठरते :)

सोल्डरगन | मंगळवार, दुपारी १२:०५

मांजरबाई, व्हेंटॉय मी पण वापरतो, झकास आहे. पण ते फक्त दरवाजा उघडून देते, आत अंधार तोच. ड्रायव्हर आयएसओच्या आतच नाही तर व्हेंटॉय तरी कुठून आणणार?

निवांत_नाना | मंगळवार, दुपारी ३:१०

हं, आता बैठक मारून लिहितो. आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

आधी यंत्र ओळखा, पेन ड्राइव्ह नंतर. ३२ बिटचं विंडोज ७ यूईएफआय या नव्या पद्धतीनं सुरूच होत नाही. त्याला जुनी बायोस पद्धत लागते. म्हणून तुमच्या पीसीच्या सेटिंगात सिक्युअर बूट बंद हवं आणि लेगसी किंवा सीएसएम चालू हवं. तुम्ही ‘काहीबाही बदललं’ ते नशिबानं हेच असणार. पेन ड्राइव्ह मेनूत दिसेना त्याचं कारण हेच होतं, रूफसचा त्यात काही दोष नाही. रूफसमध्ये पार्टिशन पद्धत एमबीआर (डिस्क विभागायची जुनी पद्धत) आणि लक्ष्य बायोस. ६४ बिटवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, तो गोंधळ इथे नको.

पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुष्कळ झाला.

आता खरं काम. पेन ड्राइव्हवर ‘सोर्सेस’ नावाचं फोल्डर आहे. त्यात दोन मोठ्या फाइली आहेत, बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम. पहिली म्हणजे सेटअप चालवणारं छोटं विंडोज, आणि दुसरी म्हणजे तुमच्या डिस्कवर जे उतरणार आहे ते. ड्रायव्हर दोन्हींत घालायचा. हे लक्षात ठेवा, कारण निम्मे लोक फक्त पहिलीत घालतात. मग सेटअप छान पार पडतो, पीसी पुन्हा सुरू होतो, नाव विचारतो आणि तिथे कीबोर्ड पुन्हा मेलेला असतो. मी स्वतः या खड्ड्यात पडलोय, दोनदा.

या दोन्ही फाइली पुतण्याच्या लॅपटॉपवर एका फोल्डरात उतरवा. आयएसओमधून आलेल्या फाइलींवर ‘रीड ओन्ली’ची खूण असते. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती काढा, नाहीतर पुढची आज्ञा परवानगी नाही म्हणून रुसते. मग इंटेलच्या चिपसेटचा विंडोज ७ साठीचा यूएसबी ३ चा ड्रायव्हर घ्या. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर तुमच्याच मॉडेलच्या पानावर मिळतो, झिप स्वरूपातला घ्या. आत ‘विन ७’ आणि त्यात दोन फोल्डरं असतात, एक्स ६४ आणि एक्स ८६. तुम्हाला एक्स ८६, म्हणजे ३२ बिटवालं. नावावरून उलटं वाटतं, अनेक जण फसतात.

मग अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. डिझम नावाची आज्ञा विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासून असते. तिच्यानं विम फाइल एका रिकाम्या फोल्डरात माउंट करायची, अॅड-ड्रायव्हर म्हणून एक्स ८६ चं फोल्डर दाखवायचं, सोबत रिकर्स लिहायचं म्हणजे आतली सगळी फोल्डरं घेतली जातात, आणि शेवटी अनमाउंट करताना कमिट लिहायचं. कमिट विसरलात तर केलेलं सगळं पाण्यात. बूट डॉट विममध्ये दोन इंडेक्स असतात. दुसरा सेटअपचा, तो महत्त्वाचा, पण दोन्हींत घाला. इन्स्टॉल डॉट विममध्ये स्टार्टरपासून अल्टिमेटपर्यंत सगळे प्रकार असतात. तुमचा प्रोफेशनल कितवा ते गेट-विम-इन्फोनं पाहा आणि त्याच क्रमांकात घाला.

झालं की या दोन फाइली पेन ड्राइव्हवरच्या सोर्सेस फोल्डरात जुन्यांवर कॉपी करा. पेन ड्राइव्ह नव्यानं करायची गरज नाही.

पाऊसपाणी | मंगळवार, दुपारी ४:२२

नाना, साष्टांग.

माझा एक उपप्रश्न. माझ्याकडे १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आहे, तिच्यात १० जीबीचा कप्पा करून हेच केलं तर? पेन ड्राइव्हचा खर्च वाचेल. बाकी डिस्कवर फोटो आहेत.

तिसरी_घंटा | मंगळवार, दुपारी ४:४०

नको!! पाया पडतो, नको.

गेल्या वर्षी मी डिस्कपार्ट या डिस्क विभागायच्या आज्ञेनं पेन ड्राइव्ह करत होतो. लिस्ट डिस्क केलं, ० लॅपटॉपची, १ आणि २ बाहेरच्या. एका पोर्टात पेन ड्राइव्ह, दुसऱ्यात नाट्यसंस्थेच्या वीस वर्षांच्या प्रयोगांचे फोटो असलेली डिस्क. सिलेक्ट डिस्क १. क्लीन. अर्ध्या सेकंदात ‘यशस्वी’ म्हणून आलं. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह इतक्या झटक्यात साफ झाला याचं कौतुक करत होतो, तेव्हा आकाराचा रकाना दिसला. ९३१ जीबी.

त्या रात्री बायकोशी काय बोललो ते आठवत नाही. संस्थेच्या अध्यक्षांना मात्र तीन दिवस फोन लावला नाही.

पाऊसपाणी | मंगळवार, दुपारी ४:४३

बाप रे. मिळाले का?

तिसरी_घंटा | मंगळवार, दुपारी ४:५५

मिळाले. नुसतं ‘क्लीन’ फक्त पार्टिशनची नोंद पुसतं, आतला डेटा जागेवर असतो. ‘क्लीन ऑल’ असतं तर प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं गेलं असतं आणि मग ब्रह्मदेवही काही करू शकला नसता. मी डिस्क लगेच काढली, त्यावर एक अक्षर लिहिलं नाही, दुसऱ्या पीसीवर टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला, त्यानं हरवलेलं पार्टिशन शोधून नोंद परत लिहिली. सगळे फोटो परत आले.

आता नियम एकच. पेन ड्राइव्ह बनवताना दुसरी कुठलीही बाहेरची डिस्क टेबलावरसुद्धा नको.

सोल्डरगन | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

म्हणूनच रूफस बाहेरच्या हार्ड डिस्क मुद्दाम दाखवत नाही. वरच्या जास्तीच्या पर्यायात टिक केल्याशिवाय यादीत येतच नाही. आणि आली तर पूर्ण डिस्क पुसते, तुमचा १० जीबीचा कप्पा-बिप्पा तिले समजत नाही. तीनशेचा पेन ड्राइव्ह घ्या पाऊसपाणी, फोटो तीनशेत येत नाहीत.

पण घेताना जपून. फुटपाथवर ‘५१२ जीबी’ छापलेला दीडशेत मिळते, आत असते आठ. कंट्रोलरले खोटं बोलायला शिकवलेलं असते. आठच्या पुढे लिहिलं की जुन्यावर लिहिते नाहीतर हवेत. एचटू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा छोटा जर्मन प्रोग्रॅम आहे, तो पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहते. नवीन पेन ड्राइव्ह आला की मी आधी रात्रभर तेच लावून ठेवतो.

हडसनकाठी | मंगळवार, रात्री ८:३०

न्यू जर्सीहून. धागा विंडोजचा आहे, पण दुखणं तेच म्हणून इथेच विचारतो. माझ्या २०१२ च्या मॅकबुक प्रोवर मोहावी (मॅकची जुनी प्रणाली) परत घालायचंय, कारण घरातला स्लाइड स्कॅनर ३२ बिट प्रोग्रॅमवर चालतो आणि तिच्या पुढच्या, २०१९ च्या कॅटलिनापासून ३२ बिट बंद. बाबांच्या स्लाइड्स अजून सातशे राहिल्यात. मोहावीचा इन्स्टॉलर एका जुन्या डिस्कवर जपून ठेवला होता. पेन ड्राइव्ह बनला, पण बसवताना म्हणतो ‘ही प्रत खराब आहे’.

निवांत_नाना | मंगळवार, रात्री ९:०५

प्रत खराब नाही, तिच्यावरची सही शिळी झालीय. त्या काळातल्या इन्स्टॉलरांच्या प्रमाणपत्राची मुदत २४ ऑक्टोबर २०१९ ला संपली. नंतर नव्या सहीचे इन्स्टॉलर उपलब्ध झाले, तेव्हा सोपा उपाय म्हणजे मोहावी नव्यानं उतरवून घेणं. ते नको असेल तर पेन ड्राइव्हवरून सुरू झाल्यावर वायफाय बंद ठेवा, टर्मिनल उघडा आणि डेट आज्ञेनं तारीख २०१९ च्या मध्यावर न्या. वायफाय चालू राहिलं तर घड्याळ आपोआप आजवर येतं आणि पहिले पाढे पंचावन्न.

पेन ड्राइव्ह १६ जीबीचा घ्या. डिस्क युटिलिटीत ‘सगळी उपकरणं दाखवा’ निवडल्याशिवाय फक्त आतला व्हॉल्यूम दिसतो. वरचं मूळ उपकरण निवडून जीयूआयडी आणि मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड करा.

हडसनकाठी | मंगळवार, रात्री ११:५०

चाललं! वेळ मागे नेऊन बाबांच्या स्लाइड्स बघतोय, यात काहीतरी आहे, पण ते इथे नको.

कावळा_उवाच | बुधवार, सकाळी ९:१५

मूळ गाडीवर येऊ. कोणीच विचारलं नाही म्हणून: व्हर्च्युअलबॉक्स? विंडोज १० राहू द्या, त्याच्या पोटात सात बसवा. पेन ड्राइव्ह नको, ड्रायव्हर नको, कीबोर्ड मरत नाही. नेट दहावर, पेजमेकर सातवर.

निवांत_नाना | बुधवार, सकाळी ९:५०

कावळेबुवा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी यायला हवा होता, चूक आमची. ज्यांना डोंगल नाही त्यांनी खरंच तेच करावं. डोंगल असला की बेभरवशाचं. काही डोंगल आतल्या विंडोजला व्यवस्थित दिसतात, काही दिसून हरवतात, आणि ऐन प्लेट काढताना हरवला तर काय करणार? प्रयोगाला ठीक, ऑगस्टात नको.

खिळेजुळारी | बुधवार, दुपारी १:२०

पुतण्यानं तेही काल रात्री करून पाहिलं. डोंगल दर दहा मिनिटांनी गायब. नानांचीच वाट धरतो.

डिझमपर्यंत आलो. नाना म्हणाले तसं रीड ओन्ली काढलं नव्हतं, रुसलाच. नंतर बूट डॉट विमचे दोन्ही इंडेक्स झाले. प्रोफेशनल माझ्या डीव्हीडीत चौथा निघाला, त्यातही घातला. आता पेन ड्राइव्हवर फाइली चालल्यात.

खिळेजुळारी | बुधवार, दुपारी ३:०५

माउसचा दिवा लागलाय!!! भाषेच्या खिडकीत बाण फिरतोय! दुकानातला पोरगा नाचायचा बाकी आहे.

पण पुढे डिस्क निवडायच्या जागी अडलो. डिस्क दिसते, खाली लिहिलंय की ती जीपीटी पद्धतीची आहे म्हणून इथे विंडोज बसणार नाही.

सोल्डरगन | बुधवार, दुपारी ३:२०

थांबा! काही दाबू नका. जीपीटी म्हणजे डिस्क विभागायची नवी पद्धत, जुन्या बायोस पद्धतीनं सात तिच्यावर बसत नाही. त्या डिस्कवर दहा आहे ना अजून? ते असू द्या, उद्या लागेल. पीसी बंद करा, ती डिस्क काढून डब्यात ठेवा. सातसाठी वेगळी साधी साटा एसएसडी आणा, १२०-२५६ जीबी कितीही चालते. एनव्हीएमई (थेट बोर्डात खोचायची एसएसडी) आणू नका, त्याचा ड्रायव्हर पण सातजवळ नाही, वेगळा हॉटफिक्स घालावा लागते, म्हणजे डिझमचा खेळ परत.

नवी एसएसडी लावली की अशी अडचण येणारच नाही. आली तर सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडते, तिथे डिस्कपार्ट, सिलेक्ट, क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर. पण त्या आधी तिसरी_घंटा यांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून काढा.

तिसरी_घंटा | बुधवार, दुपारी ३:२४

आणि आकाराचा रकाना.

उंबरठा | बुधवार, संध्याकाळी ५:४०

दादा, बसेपर्यंत माझे दोन शब्द, डीटीपीच्या बाजूनं. डोंगल आधी खोचू नका. ड्रायव्हर बसवून, पीसी पुन्हा सुरू करून, मगच खोचा. उलटं केलं की विंडोज स्वतःच्या मनानं काहीतरी ‘अनोळखी उपकरण’ म्हणून नोंदवून ठेवतं आणि मग ते उपटून काढायला अर्धा दिवस जातो. आणि जुन्या डिस्कवरून फॉन्ट नुसते कॉपी करू नका, पॅकेजनंच बसवू द्या, नाहीतर कीबोर्डची मांडणी बदलते आणि ‘ळ’ भलत्याच बटणावर जातो.

खिळेजुळारी | गुरुवार, रात्री १०:१५

आज सकाळी तालुक्याला एसएसडी मिळाली नाही, जिल्ह्याला गाडी पाठवली. दुपारी लावली. सेटअप वीस मिनिटांत पार. नाव विचारायच्या जागी कीबोर्ड चालू! (नाना, चौथ्या इंडेक्सची कृपा.) मग बोर्डवाल्याच्या संकेतस्थळावरून सातचे डिस्प्लेचे आणि नेटवर्कचे ड्रायव्हर लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हनं आणले. रॅम ८ पैकी साडेतीनच्या आत दिसते.

कावळा_उवाच | गुरुवार, रात्री १०:२२

३२ बिटला तेवढीच दिसणार. पेजमेकरला तेवढी म्हणजे राजवाडा.

खिळेजुळारी | गुरुवार, रात्री १०:३४

फॉन्टचं पॅकेज बसलं. डोंगलचा ड्रायव्हर बसला. पुन्हा सुरू केला, डोंगल खोचला, दिवा नाही. मागच्या पोर्टात, पुढच्या पोर्टात, नाही. तिथे माझा धीर सुटला होता. पोरगा म्हणाला, काका, कारखान्याच्या लेबरच्या हजेरी मशीनचा तो जुना हब आहे ना, तो लावू. शंभर रुपयांचा यूएसबी २ चा हब. त्यात डोंगल खोचला आणि हिरवा दिवा लागला. का, ते मला कळलं नाही.

सोल्डरगन | गुरुवार, रात्री १०:५०

काही जुन्या डोंगलांचं यूएसबी ३ च्या कंट्रोलरशी थेट जमत नाही. मधे हब ठेवला की बोलणं हबशी होते. पोराले पगारवाढ द्या.

निवांत_नाना | शुक्रवार, सकाळी ६:१०

अभिनंदन. आता एक म्हाताऱ्याचा हट्ट. त्या पीसीची नेटची केबल काढा आणि कायमची काढा. सहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्ती न मिळालेली प्रणाली आहे ती, पतसंस्थेच्या सभासदांची नावं आणि कर्जाचे आकडे तिच्यावर असणार. मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं लॅपटॉपवर, पीडीएफ पेन ड्राइव्हनं न्या-आणा. आणि पेन ड्राइव्ह आणताना लॅपटॉपवर तपासून.

आणि ज्यांचा पीसी सातव्या पिढीचा किंवा पुढचा आहे त्यांनी हा धागा वाचून उत्साहात येऊ नये. तिथे सातला अपडेटसुद्धा अडवलेले आहेत आणि डिस्प्लेचे ड्रायव्हर शोधता शोधता दमछाक होते. जुनं घालायचं तर सहाव्या पिढीपर्यंतचंच यंत्र शोधा.

उंबरठा | शुक्रवार, सकाळी ११:३०

नाना, माझं पाचव्या पिढीचं आहे. म्हणजे मला डिझमची भानगड नाही?

निवांत_नाना | शुक्रवार, सकाळी ११:४५

बहुधा नाही. पेन ड्राइव्ह आणि कीबोर्ड काळ्या पोर्टांत लावा, निळ्यांत नको. बायोसमध्ये यूएसबी ३ बंद करायचा पर्याय असेल तर बसवेपर्यंत बंद ठेवा.

खिळेजुळारी | शनिवार, रात्री ८:००

पहिला अहवाल आज प्लेटला गेला. ‘अध्यक्षीय मनोगत’ उघडलं, रफार जागेवर, वेलांट्या जागेवर, ‘ळ’ जागेवर. नेटची केबल काढली. दहावाली डिस्क पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात आहे, वर तारीख लिहिलीय.

पेन ड्राइव्हलाही चिकटपट्टी लावून लिहिलंय: ‘सात, ३२ बिट, यूएसबी ३ सह. पुसू नये.’ पुतण्यानं गणपतीची गाणी भरायला मागितला होता, दिला नाही.

आळशी_मांजर | शनिवार, रात्री ८:१२

त्याची आयएसओ करून लॅपटॉपवर पण ठेवा. चिकटपट्टी गाण्यांना अडवते, वॉशिंग मशीनला नाही.

पाऊसपाणी | रविवार, सकाळी १०:०५

पेन ड्राइव्ह घेतला, दुकानातून, पावतीसह. एचटू-टेस्ट-डब्ल्यू लावून ठेवलाय. ४१ टक्के. बाहेरची डिस्क कपाटात, किल्ली आईकडे.